सासूबाईंच्या सात शेळ्या

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २९ वर्षांची, माण तालुक्यातल्या एका वाडीवरची. नवरा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी, पंधरा दिवसांनी दोन दिवसांसाठी घरी येतो. घरी सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. दावणीला सात शेळ्या, पाच करडं आणि 'चांद्या' नावाचा बोकड. सासूबाईंचे गुडघे आधीच गेले होते, माघात ऑपरेशन झालं आणि शेळ्या पूर्णपणे हिच्यावर आल्या. पहाटे साडेपाचला लेंड्या काढायच्या, करडं पाजायची, पाणी दाखवायचं. अकराला शेळ्या सोडायच्या, पाचला आणायच्या, संध्याकाळी पुन्हा तेच. तेरा महिन्यांत माहेरी एक रात्र मुक्काम नाही. भावाच्या लग्नात अक्षता टाकून तीनच्या एसटीनं परत. आता बचत गटाच्या मसाला केंद्रात काम मिळतंय, नऊ ते पाच, महिना ६,००० रुपये. नवरा म्हणतो, "विकून टाक, डोक्याला ताप नको." सासूबाई म्हणतात, "मी आहे तोवर दावण रिकामी होणार नाही." चांद्याला विकायचं नाव काढलं की मुलगी जेवत नाही. "मावशी, विकू का? आणि विकावं असं मनात येतं म्हणजे मी वाईट सून आहे का?"

मावशी म्हटलंयस, म्हणून अगं-तुगं करते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. तेरा महिने एकही सुट्टी न घेता राबल्यावर कुणाच्याही मनात येईल ते तुझ्या मनात आलं, एवढंच.

आता पहिला प्रश्न. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हातात पेन्सिल घेतली. 'सासूबाईंच्या शेळ्या' हे शब्द तू नऊ वेळा लिहिलेत. 'मी फक्त बघते' असं तीन वेळा. आणि चौथ्या पानावर, कंसात, जणू काही महत्त्वाचं नाही अशा पद्धतीनं एक ओळ आहे: 'लग्नात माहेरहून आंदण म्हणून शेळीची एक पाठ, म्हणजे मादी करडू, आली होती, आता दावणीतल्या तीन तिच्याच वंशातल्या.' बाई, ही ओळ पहिल्या पानावर हवी होती! सातांतल्या तीन तुझ्या आहेत. लग्नात बाईला मिळालेली वस्तू तिचं स्त्रीधन असते, हे कायदाही मानतो आणि आपल्या आज्याही मानत होत्या. आंदणाच्या गाईची कालवड विकायची तर सुनेला विचारलं जायचं. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. फक्त 'विकू का' हा प्रश्न तू ज्या जागी उभी राहून विचारतेयस ती जागा बदल. तू राखणीला ठेवलेली बाई नाहीस. दावणीतली जवळजवळ निम्मी मालकीण आहेस.

मालकिणीला जे माहीत हवं ते मात्र तुझ्या पत्रात एकाच ठिकाणी आहे, तेही ओझरतं. गेल्या वर्षी आठ करडं दारात आलेल्या व्यापाऱ्याला चुलत सासऱ्यांनी दिली, साडेचार हजारांना एक, उक्ती, म्हणजे न तोलता. म्हणजे ३६,००० रुपये, महिन्याला तीन हजार. तुझे तास मी मोजले: पहाटेचा दीड, रानातले सहा, संध्याकाळचा एक. दिवसाचे साडेआठ, महिन्याचे अडीचशेच्या वर. ताशी बारा रुपये पडले. मसाला केंद्राचे आठ तास, सव्वीस दिवस धरले तर ताशी एकोणतीसच्या आसपास. घरचं दूध आणि लेंडीखत यात धरलेलं नाही, आणि भरड्याचा, म्हणजे भरडलेल्या धान्याच्या खुराकाचा, खर्चही वजा केलेला नाही. ढोबळ हिशेब आहे, पण तो कुणीच केलेला नव्हता. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांच्यामागं रोज किती बायका उन्हात उभ्या असतात, त्याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

बारा आणि एकोणतीस हे आकडे बघून उद्याच बाजार गाठू नकोस. माघात सासूबाईंना दवाखान्यात नेताना दोन शेळ्या विकल्या आणि कुणापुढं हात पसरावा लागला नाही, हे तूच लिहिलंयस. मसाला केंद्राचा पगार त्या रात्री हातात आला नसता. शिवाय केंद्राला वर्षभर ऑर्डर असते का, की उन्हाळी मसाल्याचे चार महिनेच, हे तू विचारलंयस का? आधी विचार.

दुसरं म्हणजे, तुझं काम आहे तसंच राहणार हे तू धरून चालतेयस. माझं म्हणणं आहे की तुझे निम्मे तास शेळ्यांसाठी जातच नाहीत. चैत्र-वैशाखात माणच्या माळावर अकरा ते पाच शेळीला मिळतं तरी काय? त्या वेळी ती चाऱ्यासाठी हिंडत नाही, सावलीसाठी हिंडते, आणि तू तिच्यामागं. उन्हाळ्यात सकाळी दोन तास आणि ऊन उतरल्यावर दीड-दोन तास पुरे. पावसाळ्यात उलट, सकाळी घाई नकोच. दवानं ओल्या गवतावर जंतांची पिल्लं वर चढून बसलेली असतात, ऊन पडून गवत सुकल्यावरच शेळी सोडावी. म्हणजे त्या दिवसांत सकाळ तुला मोकळी.

बाकीचं पोट दावणीला भरायचं. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, किलोभर वाळलं आणि दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरडा, असा साधारण अंदाज धर. हिरवं ऐकून घाबरू नकोस, विहिरीला पाणी पौषापर्यंतच असतं हे तू लिहिलंयस. म्हणून बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावायचा तो या पावसाळ्यात, पुढच्या नाही. सुबाभूळ मात्र एकटंच घालू नये, चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या एका द्रव्याचा जनावराला त्रास होतो. तुरीचं भुसकट, भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचा भुसा या गोष्टी सुगीत लोक बांधावर टाकून देतात किंवा मातीमोल विकतात. तेव्हाच भरून ठेव. आणि चारा जमिनीवर टाकू नकोस. शेळीचं नाक मोठं, पायाखाली आलेला घास ती तोंडात घेत नाही. पेंढी दोरीनं तिच्या तोंडाच्या उंचीवर टांग. झाडपाला वर मान करून ओढून खायची तिची खोडच आहे, आणि निम्मी नासाडी तिथंच वाचते. नवऱ्यानं तुला ते लाकडी फळ्यांच्या दुमजली गोठ्याचे व्हिडिओ पाठवलेत ना? ते शंभर शेळ्यांचं काम आहे. तुला एक दोरी आणि दोन खिळे लागतील.

आता सावड, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींचं काम करणं. शेजारच्या दोन जावांकडं चार-चार शेळ्या आहेत आणि त्याही रोज आपापल्या घेऊन जातात, असं तू लिहिलंयस. पंधरा शेळ्यांमागं तीन बायका! खुरपणीला सावड चालते तर राखणीला का नाही? तिघींची पाळी लावा, तिसऱ्या दिवशी एकदा रानात जायचं. तुझ्या सात आणि त्यांच्या चार-चार म्हणून कुरबूर होईल, तेव्हा आठवड्यातला एक दिवस तू जास्तीचा घे. एकच नियम कडक पाळा: बाजारातून नवी आणलेली शेळी पंधरा-वीस दिवस वेगळी बांधायची, आणि कुणाच्याही शेळीच्या तोंडाला फोड आले, नाक वाहू लागलं, हगवण लागली की ती कळपात नाही. पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग एका दावणीतून तीन दावणीत जायला आठवडाही लागत नाही.

मसाला केंद्राचं काम घेतलंस तर मात्र सावड जमणार नाही, हे कबूल केलं पाहिजे, कारण तुझी पाळी तू कधी घालणार? मग त्या दोघींतल्या एकीला महिन्याची राखणावळ ठरवून दे. तिला पैसे मिळतील, तुझ्या पगारातून थोडे जातील, तरी हिशेब तोट्यात जाईल असं मला वाटत नाही. पण मांडून बघ, माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

सात शेळ्या ठेवायच्याच का? पाच का नको? एवढ्या तासांत सातांचं अर्धवट करण्यापेक्षा पाचांचं नीट होईल. कुठल्या दोन काढायच्या हे वयावर ठरवू नये. जिची दोन्ही करडं तिच्याच दुधावर वाढतात ती म्हातारी असली तरी राहू दे. जिचा एक सड दगडीनं, म्हणजे कासेच्या सुजेनं, गेलाय, जी दोनदा बोकडाला दाखवूनही गाभण राहिली नाही, जिच्या करडांना दर वेताला बाटलीनं पाजावं लागतं, ती काढ. हे सासूबाईंना विचारून कर, आणि खरंच विचार, नुसतं कानावर घालू नकोस. त्यांना प्रत्येक शेळीचं वेत तोंडपाठ असणार.

सासूबाईंविषयी थोडं थांबते. 'दावण रिकामी होणार नाही' हा हट्ट आहे असं तुला वाटतं. मला त्यात भीती दिसते. चाळीस वर्षं जे काम केलं ते गुडघ्यांनी हिसकावून घेतलं, आता दावणही गेली तर घरात त्यांचं काय उरलं? त्यांचे पाय गेलेत, नजर नाही गेली. गोठ्याच्या तोंडाशी खुर्ची टाक. कुठली शेळी माजावर आली हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? शेपटी हलवते, ओरडते, खाणं सोडते, बोकडाभोवती घुटमळते. माज एक-दीड दिवस टिकतो आणि चुकला की एकवीस दिवस थांबावं लागतं. ती तारीख नातीनं कॅलेंडरवर लिहायची. भरडा वाटून देणं, करडं पाजताना कुठलं मागं राहिलं ते बघणं, हेही बसल्या जागी होतं. तुझा पहाटेचा दीड तास एका तासावर आला तरी मी म्हणेन जिंकलो.

चांद्याचं प्रकरण मात्र तुला वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, आणि तुझ्या मुलीमुळे नाही. तो दावणीतच जन्मलेला, आता दीड वर्षाचा, दिवसभर कळपातच मोकळा. म्हणजे आईवर, बहिणींवर तोच. दोन-चार वेतांत करडं बारकी, नाजूक, मरतुकडी निघायला लागतात ती यामुळं. कळपाचा बोकड दीड-दोन वर्षांनी बदललाच पाहिजे. पण बदलणं म्हणजे खाटकाला देणंच नव्हे. दोन-तीन गावं पलीकडं कुणाकडं तरी असाच चांगला, काळाभोर उस्मानाबादी बोकड असेल आणि त्याचंही तेच दुखणं असेल. अदलाबदल करा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महामंडळाचं शेळ्या-मेंढ्यांचं प्रक्षेत्र तुझ्याच तालुक्यात, दहिवडीला आहे. जातिवंत बोकडाची चौकशी तिथंही करता येईल. मुलीला खरं सांग. 'चांद्या दुसऱ्या गावी जातोय, तिथल्या शेळ्यांना त्याची गरज आहे' हे खोटं नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते कळतं. इतर करडांबद्दलही खोटं बोलू नकोस. शेळ्यांच्या घरातल्या पोरांना बाजार म्हणजे काय ते आपल्याला वाटतं त्याआधीच ठाऊक असतं. त्यांना राग येतो तो लपवल्याचा.

नवा बोकड आला की त्याला वेगळं बांध. आत्ता तुझ्याकडं करडं कधीही होतात, श्रावणाच्या झडीत एक, भर वैशाखात दोन, म्हणून तुझी रात्र कधीच मोकळी नसते. शेळी पाच महिने गाभण असते. आषाढ-श्रावणात तीन-चार आठवडेच बोकड सोडलास तर मार्गशीर्ष-पौषात सगळ्या एकदम व्यातील. रानात पाला असतो, घरात भुसकट असतं. एक महिना धावपळ होईल, मग नाही. ज्या आधीच गाभण आहेत त्यांची घडी बसायला एक वेत जाईल, इतकं धर. व्यायल्यावर नाळेला टिंक्चर आयोडीन आणि तासाभरात पोटभर चीक. या दोन गोष्टी चुकवल्या नाहीत तर पुढची निम्मी रात्रपाळी टळते.

विक्रीबद्दल एकच सांगते, पण ते ऐकच. उक्तं देऊ नका. चार महिन्यांचं करडू दहा-बारा किलो, तेच नीट जगवलं तर आठ-नऊ महिन्यांत वीसच्या घरात जातं. एक टांगता काटा आणि गोणपाट घेऊन घरीच वजन कर, बाजारभाव दोन ठिकाणी विचार आणि किलोवर बोल. बोकड राखून ठेवणार असशील तर बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते हे ध्यानात ठेव, गेल्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नकोस. आणि व्यापारी दारात आला की त्या वेळी चुलत सासऱ्यांच्या शेजारी तू उभी राहा. भांडायला नाही. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो तेव्हा दुसरा हात कुणाचा असतो, यावर बरंच ठरतं.

आता नवरोबा. 'डोक्याला ताप नको' म्हणतात. कुणाच्या डोक्याला? उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी इतके दिवस वापरत आले, फोनवरून शेळ्या हाकणारा माणूस तुझ्या पत्रात पहिल्यांदा भेटला. चेष्टा सोड, तो दिवसभर पोती उचलतो, त्याचेही खांदे दुखत असणार. पण पंधरा दिवसांतल्या त्या दोन दिवसांतली एक रात्र तू माहेरी आणि शेळ्या त्याच्याकडं, एवढं मागायला काय हरकत आहे? 'जमेल का हो' असं विचारू नकोस. 'या वेळी शनिवारी जातेय' असं सांग. आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेव: भरडा किती, पाणी कधी, कुठली कुणाशेजारी बांधायची नाही.

त्याच यादीत हेही लिही: शिळा भात, चपात्या, मापाच्या भरड्याशिवाय वेगळं धान्य घालायचं नाही. मी सातवीत असताना आईच्या चार शेळ्या होत्या. शेजारच्या लग्नातला उरलेला भात आणि बुंदी मी एका गाभण शेळीला पातेलंभर चारली, प्रेमानं. दुसऱ्या दिवशी ती खाली बसली ती उठलीच नाही. आई मला रागावली नाही, त्याचंच आजवर वाईट वाटतं. शेळी रवंथ करत नसेल, डावी कूस फुगली असेल तर घरच्या घरी घशात तेल ओतत बसू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं. १९६२ या जनावरांच्या उपचारासाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली बाई, असेल तर तिचा नंबर त्या भिंतीवर सगळ्यात वर.

हे तू वाचशील तेव्हा पाऊस तोंडावर असेल, म्हणून लस आणि जंताचं औषध ही दोन कामं आठवड्याच्या आत हातात घे, बाकी सगळं नंतर. आंत्रविषाराची लस, आणि पंधरा दिवसांनी तिचा दुसरा डोस. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर टपाटप मरतात त्या यामुळं, आणि मरतात नेमकी सगळ्यात धष्टपुष्ट करडं. पीपीआरची कधी दिलीय ते विचार, ती तीन वर्षांतून एकदा पुरते. जंताचं औषध देताना कुठल्या गाभण आहेत ते डॉक्टरांना आधी सांग, काही औषधं सुरुवातीच्या दिवसांत चालत नाहीत. आणि ज्वारीचे कोवळे फुटवे दिसले की शेळ्या त्या बाजूला नेऊच नकोस, किराळ लागते, म्हणजे त्या फुटव्यांची विषबाधा होते.

एवढं करूनही जमलं नाही तर? जावा नाही म्हणाल्या, नवरा आला नाही, मसाला केंद्राचं काम बारमाही निघालं आणि तुला तेच आवडलं, तर विक. मनात काही न ठेवता विक. फक्त चैत्र ते ज्येष्ठ विकू नकोस, तेव्हा सगळे चाऱ्यावाचून विकायला काढतात आणि भाव पडतो. गाभण शेळी खाटकाकडं जाऊ देऊ नकोस, पाळणाऱ्या घरी दे. आणि तुझ्या आंदणाच्या तिघींपैकी दोन माहेरी आईकडं अर्धेलीनं ठेव, होणाऱ्या करडांत निम्मी तिची, निम्मी तुझी. हा माझा लाडका उपाय आहे, कारण मग करडांची वाटणी करायला तुला माहेरी जावंच लागेल. कामाचं आहे म्हटल्यावर कुणी अडवतही नाही.

पण आधी वही. एक साधी दोनशे पानी, मुलीच्या हातात दे. शेळीचं नाव, माजाची तारीख, व्यायली कधी, किती, विकलं केवढ्याला, पेंडीला गेले किती. दिवाळीपर्यंत लिही आणि तेव्हा मला परत पत्र टाक, आकडे बघून बोलू. माझा हिशेब चुकला असेल तर तेही कळव.

आणि हो, त्या शनिवारी माहेरी गेलीस की रात्री नऊच्या सुमाराला नवऱ्याचा फोन येईल, 'ती बांडी कुठं बांधायची गं?' सांग कुठं ते, आणि फोन आईकडं देऊन झोप.